किंदमाचा आक्षेप आणि रॉकीतला नोव्हेंबर

पांडूला शाप मिळाला तो हरिण मारल्याबद्दल नव्हे. महाभारतातली ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, पण तिच्यातला नेमका मुद्दा सहसा निसटतो. हरणाच्या रूपात पत्नीशी रत असलेल्या किंदम ऋषीला पांडूचे बाण लागतात आणि मरता मरता तो राजाशी चक्क वाद घालतो. राजे मृगया करतात याला त्याची हरकत नाही. त्याची हरकत वेळेला आहे: थोडं थांबता आलं नसतं का? पांडूही गप्प बसत नाही, राजधर्माचे दाखले देतो. हाच वाद अमेरिकेच्या पश्चिम राज्यांत दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी नव्याने रंगतो. तिथे म्यूल डिअर नावाच्या हरणाचे नर नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात. ऐन त्या दिवसांत त्यांची शिकार करू द्यावी का, दिली तर किती जणांना, यावर शिकारी, वन्यजीवशास्त्रज्ञ आणि राज्यांचे वन्यजीव आयोग वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. मला वाटतं, माजात शिकार करावी की करू नये, हा प्रश्नच अर्धा आहे. शिकारीची तारीख आणि परवान्यांची संख्या या दोन वेगळ्या बाबी नाहीतच. तारीख माजाकडे सरकली की प्रत्येक परवान्याचं वजन वाढतं, आणि ते किती वाढलं हे न मोजता घेतलेली बाजू, मग ती कुठलीही असो, हवेतच राहते.

आधी प्राण्याची ओळख. खेचरासारखे लांबरुंद कान, म्हणून म्यूल डिअर. आपल्या चितळ-सांबरांच्या सारंग कुळातलाच हा. शिंगं फक्त नराला, तीही दर हिवाळ्यात गळून वसंतात नव्याने फुटणारी, आणि फांदीला फांदी फुटताना प्रत्येक वेळी दुभंगत जाणारी. पश्चिम कॅनडापासून मेक्सिकोच्या वाळवंटापर्यंत त्याचा वावर आहे. बिचकला की चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखा टणाटण उसळत चढाला लागतो, आणि बऱ्याचदा धार ओलांडण्याआधी थबकून मागे वळून बघतो. त्या एका सवयीपायी किती नर गेले असतील, कोण जाणे. उन्हाळा नर एकमेकांच्या संगतीने उंचावर काढतात, ऑगस्टअखेर शिंगांवरची मखमली कातडी घासून काढतात आणि ऑक्टोबरात दाट झाडीत असे गडप होतात की डोंगर रिकामा वाटावा. मग दिवस आखूड होत जातात, त्या इशाऱ्यावर शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि माज चढतो. हा मुहूर्त थंडीने ठरवलेला नाही, पाडसांनी ठरवलेला आहे. गर्भ साधारण २०० दिवसांचा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाभण राहिलेली मादी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विते, म्हणजे रॉकी पर्वतात गवत कोवळं असताना. याचा उलटा पुरावा अॅरिझोनाच्या वाळवंटात मिळतो. तिथे जून म्हणजे भट्टी. हिरवळ येते ती जुलै-ऑगस्टच्या पावसानंतर, ज्याला तिथले लोकही मान्सूनच म्हणतात. त्यामुळे तिथली पाडसं त्या सुमारास जन्मतात आणि माजही डिसेंबरअखेर ते जानेवारीत येतो. एकच जात, पण पाऊस बदलला की लग्नसराईही बदलली.

माजावरचा नर ऑक्टोबरातल्या नरापेक्षा किती वेगळा असतो हे समजल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही. मान फुगून खांद्याएवढी जाड होते, खाणं जवळजवळ सुटतं, आणि कुणाच्या नजरेस न पडण्यात आयुष्य काढलेला नर भर दुपारी उघड्या उतारावर नाक जमिनीला लावून चालत सुटतो. एव्हाना वरच्या बर्फामुळे माद्यांचे कळप सेजब्रशच्या करड्या झुडपांनी भरलेल्या खालच्या उतारांवर आलेले असतात. म्हणून जाणता शिकारी नोव्हेंबरात नर शोधतच नाही, माद्या शोधतो. उजाडायच्या आत एखाद्या सोंडेवर तिवई रोवून, दुर्बिणीतून एकेक घळ विंचरत बसतो. सकाळी गार हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते. हे उलटणं ध्यानात ठेवलं नाही तर तासाभराची तपश्चर्या एका झुळुकीत वाया जाते. माद्यांचा कळप सापडला की तो दिवसभर सोडायचा नाही. आता नर नसेल तर तासाभराने येईल, सकाळचा निघून गेला तर संध्याकाळी दुसरा येईल. नर आला की मान लांबवून, डोकं खाली धरून मादीच्या मागे मागे जातो. तिने मुतलं की ते हुंगतो, वरचा ओठ मुडपून तोंड वर करतो आणि तसाच काही क्षण पुतळ्यासारखा उभा राहतो. टाळूजवळच्या एका खास इंद्रियापर्यंत तो वास पोचवायचा असतो. मादी आज तयार आहे की दोन दिवसांनी, हे त्यावरून कळतं. स्वतः तो मागचे गुडघे जुळवून तिथल्या ग्रंथींवर मुततो. तिथले केस काळे पडतात आणि वास असा उग्र की शिकार सोलताना त्या ग्रंथीला लागलेला हात मांसाला लागू द्यायचा नाही, हा पहिला धडा. पहारा करतात त्या माद्या. नऊ माद्या म्हणजे अठरा कान, आणि त्यांतला एक जरी तुमच्याकडे वळला की खेळ संपला. बऱ्याच राज्यांत शिकाऱ्याला कायद्याने भडक नारिंगी कपडे घालावे लागतात, ते मात्र त्यांना फारसे खुपत नाहीत, कारण लाल-नारिंगी रंग हरणांना नीट दिसत नाहीत. कोलोराडोत २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो.

आता आक्षेप. पहिला सगळ्यांना सुचणारा: माजात गोळ्या झाडल्या तर वीण बिघडणार नाही का? ऐकायला बिनतोड वाटतो, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. म्यूल डिअरमध्ये एक नर एका हंगामात अनेक माद्यांना पुरतो, आणि मोठा नर गेला तर मधल्या वयाचे, अगदी दीड वर्षाचेही नर त्याची जागा घेतात. मादी माजावर असते जेमतेम दिवस-दीड दिवस, पण ती वेळ हुकली तर साधारण साडेतीन-चार आठवड्यांत पुन्हा माजावर येते. शिकार होणाऱ्या कळपांतही वाढलेल्या माद्यांपैकी बहुतेक सगळ्या गाभण राहतात, हे अनेक राज्यांच्या तपासण्यांत दिसलेलं आहे. कोलोराडोचं उदाहरण तर बोलकं आहे. १९९९ पासून त्या राज्याने हरणाचा प्रत्येक परवाना मर्यादित करून सोडतीवर आणला. नरांचं प्रमाण वाढलं, अपेक्षेप्रमाणेच. मात्र माद्यांमागे पाडसांचं प्रमाण वाढलं नाही, उलट थोडं घटल्याचं नंतरच्या विश्लेषणात आढळलं. म्हणजे नर कमी होते म्हणून पाडसं कमी जन्मत होती, असं नव्हतंच. चारा मर्यादित असेल तर वाढीव नरही तोच चारा खातात, हे त्याचं एक साधं स्पष्टीकरण. कळपाचं भवितव्य माद्यांच्या पोटातल्या चरबीवर आणि पाडसांच्या पहिल्या हिवाळ्यावर ठरतं. नर अगदीच विरळ झाले, तर वीण लांबून उशिराची, किडकिडीत पाडसं वाढू शकतात, ही शंका रास्त आहे. म्हणूनच राज्यं १०० माद्यांमागे किमान १५-२० नर राहतील असं पाहतात, काही भागांत त्याहूनही जास्त. पण ही मर्यादा ऑक्टोबरच्या शिकारीनेही ओलांडता येते. दोष तारखेचा नाही, संख्येचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार: सर्वांत मोठे नर नेमके वीण होण्याच्या वेळी वेचले तर वंश खुजा होत जाईल. अल्बर्टातल्या राम माउंटनवरच्या बिगहॉर्न मेंढ्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ही भीती बळावली. तिथे मोठ्या शिंगांचे मेंढे वर्षानुवर्षं मारले गेल्यावर शिंगांचा आकार घटत गेल्याचं दिसलं. त्या निष्कर्षावर पुढे बराच वादही झाला, पण तो खरा मानला तरी म्यूल डिअरला जसाच्या तसा लावता येत नाही. मेंढ्याचं शिंग जन्मभर वाढतं, त्यामुळे झपाट्याने वाढणारा मेंढा कोवळ्या वयातच शिकाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. हरणाची शिंगं दरवर्षी नव्याने फुटतात आणि त्यांच्या आकारात वयाचा आणि चाऱ्याचा वाटा प्रचंड असतो. नराची शिंगं भरतात ती पाचव्या ते सातव्या वर्षाच्या आसपास. मोठी शिंगं दिसेनाशी झाली तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की कुणाला तेवढं वय मिळालेलं नाही. आणि गंमत अशी, की किंदमाचा आक्षेप इथे उलटा लागू पडतो. ऑक्टोबरात मारलेला नर त्या वर्षी एकही मादी न फळवता जातो. नोव्हेंबरअखेर मारलेल्याने निदान काही माद्या गाठलेल्या असण्याची शक्यता तरी असते. वंशाचीच काळजी असेल तर ऑक्टोबरची शिकार अधिक सोज्वळ ठरवता येणार नाही.

मग खरी अडचण कुठे आहे? वयात. समजा एका खोऱ्यासाठी १०० परवाने आहेत. ऑक्टोबरात त्यांतले बरेच जण रिकाम्या हाताने परततात, आणि ज्यांना मिळतो त्यांतल्या बऱ्याच जणांना दीड-अडीच वर्षांचा, अजून जगाची रीत न कळलेला नर मिळतो. तेच १०० परवाने नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिले तर यशाचं प्रमाण तर वाढतंच, शिवाय वार पडतो तो पाच-सहा वर्षांच्या नरांवर, जे एरवी सापडलेच नसते. कागदावर संख्या तीच, डोंगरावरचा परिणाम वेगळा. अशी दोन-तीन वर्षं गेली की कळप जिवंत राहतो, पाडसंही होतात, फक्त त्यात म्हातारा नर म्हणून उरत नाही. कोलोराडोत रायफलीच्या चौथ्या हंगामाचे, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यानंतरचे परवाने म्हणूनच मूठभर असतात. ती सोडत म्हाडाच्या घरांसारखी, फरक एवढाच की यंदा नंबर लागला नाही तर एक गुण तुमच्या खाती जमा, आणि नामांकित खोऱ्यांसाठी ही पुंजी साठवण्यात दहा-दहा वर्षं किंवा जास्तही जातात. अॅरिझोनाने वेगळी वाट काढली. तिथे ऐन माजात, जानेवारीत, बरीच मोकळीक आहे, पण ती धनुर्धाऱ्यांना. तीस-चाळीस यार्डांच्या आत शिरावं लागणाऱ्या माणसाला नराची बेफिकिरी फार काळ पुरत नाही. तारीख घातक झाली, तर हत्यार बोथट करून तोल साधला.

मोंटाना मात्र वेगळंच करते, आणि तिथलं भांडणही म्हणूनच सर्वांत कडवं. त्या राज्याचा रायफलीचा सर्वसाधारण हंगाम पाच आठवड्यांचा, ऑक्टोबरअखेरपासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारपर्यंत. म्यूल डिअरच्या माजाचा ऐन भर त्यात येतो, आणि राज्याच्या बऱ्याच भागात स्थानिक माणसाला त्यासाठी सोडतीत उभं राहावं लागत नाही. समर्थक म्हणतात: सुट्ट्या तेव्हाच असतात, घरोघरचे फ्रीजर तेव्हाच भरतात, कळपाची संख्या माद्यांवर ठरते तर नर गेल्याने बिघडलं कुठे? संख्येपुरतं हे खरंच आहे, आणि त्यात एक लोकशाही प्रामाणिकपणाही आहे. दहा वर्षं गुण साठवू न शकणाऱ्या माणसालाही डोंगर मिळतो. पण त्याची किंमत म्हणजे म्हाताऱ्या नरांची वानवा, विशेषतः पूर्व मोंटानाच्या उघड्या मैदानी भागात, जिथे लपायला झाडी नाही. ही किंमत मान्य असेल तर मोंटानाचा निर्णय समजू शकतो. समजत नाहीत ते लोक, ज्यांना पाच आठवड्यांचा हंगामही हवा असतो, परवान्यांवर मर्यादा नको असते आणि दर टेकाडावर भारदस्त शिंगांचा नरही हवा असतो. गणितात हे तिन्ही एकदम बसत नाही.

थकलेल्या नराला मारणं हा अन्याय, असंही म्हटलं जातं. माजाच्या तीन-चार आठवड्यांत मोठा नर वजनाचा पंचमांशाच्या आसपास भाग गमावतो, आणि चरबी खर्चून हिवाळ्याला सामोरा जातो. इथे करुणेची दिशा नीट तपासायला हवी. हिवाळा स्वतः काही दयाळू नसतो. २०२२-२३ च्या हिमवर्षावात वायोमिंग रेंज या डोंगररांगेत संशोधकांनी कॉलर बसवलेली पाडसं एकूणएक मेली आणि वाढलेल्या माद्यांतल्याही निम्म्याहून जास्त गेल्या. त्यापुढे रायफल फार लहान गोष्ट आहे. या आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या जागी. हंगाम लांबला की दर दिवसाच्या वाहनांनी आणि माणसांनी उठवलेल्या माद्याही धावतात, आणि त्यांची चरबी जाते ती पुढच्या जूनच्या पाडसांच्या खात्यातून. म्हणून काळजी करायची तर नराच्या थकव्यापेक्षा त्या उतारावर एकाच वेळी किती माणसं सोडली, याची करावी. हेही शेवटी परवान्यांच्याच संख्येवर येतं.

आपल्याकडचा वाचक इथे थांबवून विचारेल, मारायचंच कशाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या दोन पिढ्या शिकार म्हणजे गुन्हा असंच समजत वाढल्या, आणि आपल्या उरलेल्या जंगलांचा आकार पाहता ते योग्यच झालं. अमेरिकेची वाट निराळी पडली. तिथे रानटी प्राण्याचं मांस बाजारात विकायला बंदी आहे, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. परवान्यांच्या शुल्काबरोबर त्यावरच ही खाती बऱ्याच अंशी चालतात. हा युक्तिवाद शिकारीची बाजू मांडायला पुरेसा असेल. माजातल्या शिकारीची मांडायला मुळीच नाही. तो कर ऑक्टोबरच्या काडतुसावरही भरला जातोच.

उरतो तो किंदमाचा मूळ आक्षेप, न्याय्य झुंजीचा. वासनेने आंधळा झालेला जीव मारण्यात कसलं कसब? याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, आणि देता येतं असं म्हणणाऱ्या शिकाऱ्यावर विश्वास ठेवू नये. माद्यांच्या अठरा कानांचा दाखला देऊन झाला तरी नराचं भान सुटलेलं असतं हे खरंच आहे. पण नेमकं हेच भान सुटणं गेल्या काही वर्षांत वेगळ्या कामाला येऊ लागलं, आणि जुन्या वादाची पाटीच उलटली. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रातल्या हरणांत प्रथम दिसला. त्याला जंतू नाही, विषाणू नाही. वाकडं घडी पडलेलं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना तसंच वाकवत जातं. लाळेतून, मुतातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, आणि एकदा लागला की जनावर वाचत नाही. वाढलेल्या नरांत त्याचं प्रमाण माद्यांच्या दुपटीच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त आढळतं. ज्या म्हाताऱ्या नरांना जपण्यासाठी कोलोराडोने परवाने आवळले, तेच आता रोगाचे मोठे वाहक ठरतात, आणि माजात ते एका कळपातून दुसऱ्या कळपात फिरत असतात. नरांची शिकार जिथे सातत्याने होत राहिली तिथे प्रादुर्भाव आटोक्यात राहिला, असं पश्चिमेकडच्या कळपांच्या नोंदींत दिसू लागलं आहे. कोलोराडोने वाढलेल्या नरांत ५ टक्के प्रादुर्भाव हा उंबरठा ठरवला. तो ओलांडला की त्या भागात पावलं उचलायची: परवाने वाढवायचे, किंवा म्हातारा नर सापडेल अशा दिवसांत हंगाम न्यायचा. वीस वर्षं गुण साठवलेला माणूस यावर संतापतो, आणि त्याचा संताप मला कळतो. पण हे धोरण बदलणं म्हणजे कोलांटउडी नव्हे. तारखेचा आणि परवान्यांचा दांडा तोच, फक्त या वेळी तो मुद्दाम दुसऱ्या बाजूला ओढला जातो आहे.

त्यामुळे आज काही खोऱ्यांत नर पडला की शिकारीचं काम तिथे संपत नाही. मुंडकं तपासणी केंद्रावर न्यावं लागतं. तिथला कर्मचारी घशामागच्या लसिका ग्रंथी काढून घेतो, त्यावर चिठ्ठी लावतो. नोव्हेंबरातल्या नराचं मांस तसंही बेताचंच, चरबी नावालाच. तरी ते कापून, कागदात गुंडाळून, कुठल्या जनावराचं ते लिहून फ्रीजरमध्ये ठेवलं जातं, आणि निकाल येईपर्यंत घरात कुणी त्याला हात लावत नाही.